उचल

मराठीत गाडी उचलून नेतात.
फोनवर घाईत मी म्हणाले, "माय कार इज लिफ्टेड."
पलीकडची मुलगी थबकली, मग म्हणाली,
चोरी असेल तर पोलिसांना कळवा.

चोरी नव्हती. उचलणंच होतं.
रडणारं पोर उचलतात, पंगतीनंतर पत्रावळी उचलतात,
तशी पहाटे तीन वीसला
माझ्याच भाड्याच्या एकशे चौदा नंबरमधून
माझी बारा वर्षांची करोला.

कॉम्प्लेक्सचं नाव व्हिस्परिंग ओक्स.
गाव अर्व्हिंग, टेक्सस.
ओक एकही नाही. कुजबूज भरपूर.

झालं होतं एवढंच:
लिंबाएवढ्या गारा पडल्या, पुढची काच तडकली,
मंगळवारी नवी बसवली.
पार्किंगचा स्टिकर जुन्या काचेसोबत भंगारात गेला.
त्याच दिवशी ऑफिसात सांगितलं.
स्टिकर कपाटात, किल्ली मॅनेजरकडे,
मॅनेजर शुक्रवारी.
गाडी गुरुवारी गेली.

यार्डात दोनशे त्र्याऐंशी डॉलर मोजले.
मागच्या सीटवर दह्याचा डबा राहिला होता,
मेच्या उन्हात दोन दिवस.
झाकण फुगून वर आलेलं.
पावतीवर लिहिलेलं, "मालमत्ता सुस्थितीत".

मी डेंटल लॅबमध्ये दात घडवते.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात; माझं भरतं,
पण महिन्याच्या वीस तारखेला इतकं नाही.
त्रान साहेबांकडून उचल घेतली.
तिलाही उचलच म्हणतो आपण.
हे त्यांना सांगायला गेले आणि
निम्म्यातच सोडून दिलं.

मग अर्ज. मग तारीख.
दुभाष्या हवा का? हिंदीचा मिळेल.
नको म्हटलं. माझं माझं मोडकं चालेल.

न्यायाधीश बाई साठीच्या, गालात खोकल्याची गोळी.
टोइंग कंपनीकडून एक पोरगा आला होता, ड्वेन,
शर्टाला अजून दुकानातल्या घड्या.
त्याने फोटो ठेवला: माझी गाडी, फ्लॅशमध्ये पांढरी पडलेली,
काच कोरी. स्टिकर नाही.
खरंच नव्हता. काय बोलणार?
पाठ केलेली सगळी वाक्यं घशाशी येऊन बसली.

बाईंनी फोटो नाकाजवळ नेला.
"काचेच्या कडेला हे निळं काय आहे?"

टेप.
काचवाल्याने लावलेली,
दोन दिवस काढू नका म्हणालेला.
मी काढली नव्हती. मी सांगितलेलं ऐकते.
पिशवीत पावती होती, मंगळवारची,
दह्याचा वास लागलेली.

पुढचं चार मिनिटांत झालं.
पैसे परत करा, म्हणाल्या, आणि पुढचं नाव पुकारलं.
मी तशीच उभी. एवढ्यात संपतं?
मी अजून गारांपर्यंतसुद्धा आले नव्हते.

बाहेर ड्वेन चिप्स खात होता, एकाच बाजूने.
सवयीने पाहिलं:
खालची डावी, मागून दुसरी दाढ, उभी चिरलेली.
म्हटलं, "दाखवून घे. क्राऊन लागेल."
त्याने जीभ तिथे नेली, जशी सगळेच नेतात.
"गाडीमागे पंधरा डॉलर मिळतात मला," म्हणाला.
"आजचे कापतील."
मी मनात हिशेब केला, किती गाड्यांची एक दाढ,
आणि पूर्ण होण्याआधी बस आली त्याची.

चेक सात आठवड्यांनी आला.
तोवर उचल पगारातून फिटली होती,
दोन हप्त्यांत, त्रान साहेबांनी न विचारता.

नवा स्टिकर लावला. खाली हवेचा एक बुडबुडा राहिलाय,
नखाने ढकलला तर नुसता सरकतो.
अजूनही तीन वीसला जाग येते.
पडदा बाजूला करते,
गाडी आहे.
शेजारच्या एकशे पंधरामध्ये नवीन कोणीतरी,
दुसऱ्या राज्याची पाटी, काचेवर काहीच नाही.
सकाळी दार वाजवून सांगायला हवं.
मॅनेजर हल्ली गुरुवारी येते.