लवंगेचं तेल

महिन्यातून एकदा, कोरडा दिवस बघून
मी तोंडाला रुमाल बांधून बसतो.
श्वासाची वाफसुद्धा पोलादाला लागू नये.
जिन्यात वास जातो,
खालचे धोंगडे हाक मारून विचारतात,
"काय हो, दाढ दुखतेय का पुन्हा?"

मुठीतली बांबूची खुंटी पितळी हातोडीने ठोकायची,
मग मनगटावर दुसऱ्या मुठीने टकटक.
पातं आपणहून सैल होतं,
झोपेत हट्टी मूल बोट सोडतं तसं.
जुनं तेल कागदाने टिपायचं,
दगडाच्या पिठीची पुरचुंडी थोपटायची,
पुसायचं पाठीच्या बाजूने, धारेच्या नाही.
मुठीत लपणाऱ्या शेपटाचा काळा गंज
कधीच काढायचा नाही.
तो गंज नव्हे, वय आहे.

मग दिव्याखाली तिरपं धरलं
की धारेलगत धुकं दिसतं,
गंगापूर धरणावर डिसेंबरात पहाटे असतं तितपत.

एकतीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात
भिंगाखाली केसाहून बारीक रेषा कोरल्या.
नोटेवर सही दुसऱ्याची.
हीसुद्धा बिनसहीची.
कुणीतरी कधीतरी हिला आखूड केलं,
कापलेल्या तुकड्याबरोबर लोहाराचं नाव गेलं.

देवळाली कॅम्पात नर्गिसबाईंनी सामान विकायला काढलं तेव्हा
ही छत्र्यांच्या पिंपात उभी होती.
सासऱ्यांनी ब्रह्मदेशाच्या लढाईतून आणलेली.
शेजारी दोन पुस्तकं, वाळवीने कोपऱ्यातून वाट काढलेली.
"साडेतीनशे दे. चोपड्या तशाच ने, डिकरा."
परवान्याच्या कागदावर हवालदाराने लिहिलं:
तलवार, वाकडी, परदेशी, नग एक.

तलवार एकच राहिली, पुस्तकं अकरा झाली.
त्यांना कडुनिंबाचा पाला, वेगळं कपाट,
तेलाचा हात तिकडे लावायचा नाही.
साठेक अक्षरं मला येतात,
सगळी लोहारांची, गावांची, महिन्यांची.
'आठव्या महिन्यातला एक दिवस' हे मी वाचू शकतो.
'पाणी द्या' म्हणू शकत नाही.

एक्याण्णवची खंडेनवमी. मी दुसऱ्या पाळीला.
शरयूने पाटावर शिवणयंत्राची चकती मांडली,
पोरीची कंपासपेटी, माझ्या कोरण्या,
आणि म्यानातून काढून ही.
"शस्त्र घरात असताना उपाशी कसं ठेवायचं?"
ओल्या कुंकवाचं बोट. वर झेंडू.
मी साडेअकराला आलो. फूल उचललं.
कुंकू पुसलं गेलं,
बोट राहिलं.

टोकापासून वीतभर खाली,
करडं, लांबट, आत वळणं.
मोजली आहेत मी. सतरा.
चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही.
हेही लिहायला हवं.

जपानला एका पॉलिशवाल्याला पत्र टाकलं.
तीन महिन्यांनी उत्तर आलं, फार अदबीचं:
डाग जाईल, पण डागाच्या खोलीइतकं
सगळंच पातं खाली न्यावं लागेल.
अशी झीज तिला आता फार सोसणार नाही.
तरी पैसे साठवले. दोनदा.
एकदा पोरीच्या फीत गेले,
दुसऱ्यांदा सिडकोतल्या घराच्या हप्त्यात.
तिसऱ्यांदा साठले ते दवाखान्यात.
त्यानंतर साठवले नाहीत.

गेल्या आठवड्यात वहीत नोंद पुरी केली,
पुस्तकांत असते त्याच क्रमाने.
लांबी: सव्वादोन फूट, वर थोडं.
वाक: मध्यावर.
सही: नाही.
इथे पेन थांबलं.
'नाही' खोडलं
आणि तिचं नाव लिहिलं, तिथीसकट.

लिहून झाल्यावर लक्षात आलं,
जुन्या सवयीने अक्षरं उलटी पडली होती,
ठशावर कोरतात तशी.
वाचायला आरसा हवा.
आरसा न्हाणीघरात,
गुडघे दुखत होते,
आणि पातं हाताशीच होतं, नुकतं पुसलेलं.