फुटाला एक सूत

उद्यमनगरात, लेथच्या रांगेमागे,
जिथे भुशाचा वास तेलाच्या वासाला पुरून उरतो,
तिथे माझे वडील, पिराजी सुतार,
लाकडात पंप कोरतात.
म्हणजे पंपाचं पोट:
गोगलगायीसारखं आत निमुळतं,
सुटताना रुंद होत जाणारं.
पाण्याला फिरता फिरता जागा लागते,
ती थोडी थोडी द्यायची, एवढंच काम.
मग लाकूड वाळूत दाबतात, काढून घेतात,
आणि त्याच्या नसण्यात लोखंड ओततात.

त्यांची पट्टी खोटी होती.
पाचवीत मी तिने आकृत्या काढल्या,
बाईंनी वही लाल केली: प्रत्येक रेघ जरा जास्त.
घरी ते हसले.
"साच्याची पट्टी हाय ती, लेकी.
लोखंड निवताना आवळतंय.
फुटाला एक सूत.
म्हणून आपण आधीच वाढवून मोजायचं."

आता मी कॉलेजात गणित शिकवते.
फळ्यावर सर्पिल काढते आणि सांगते,
हा असा वाढतो की वाढल्याचं त्याच्या अंगावर दिसत नाही.
जवळून बघा, लांबून बघा, कोन तोच.
मुलं फोनवर शंख दाखवतात, वर सोनेरी रेघ.
मी रंकाळ्याकाठचं एक रिकामं कवच नेलं,
व्हर्नियर लावला.
पाव फेऱ्याला एक पूर्णांक सतरा.
एकसष्टच्या आसपासही नाही.
वर्ग हिरमुसला.
सूर्यफूल मात्र शब्दाला जागलं.
बावड्याच्या मळ्यातलं, ताटलीएवढं,
रंगीत ठिपके देत मोजलं:
इकडून चौतीस, उलटीकडून पंचावन्न.
(दुसऱ्यांदा चोपन्न आले. ते वर्गात सांगितलं नाही.)

मग मला एक फळी हवी होती,
चौतीस इंच बाय एकवीस.
चौरस कापून घ्यायचा, उरते ती पुन्हा तशीच फळी,
तिच्यातून पुन्हा चौरस, पुन्हा तशीच.
"आणि हे संपतंय कधी?"
"गुणोत्तर खरं असेल तर कधीच नाही, बाबा."
त्यांनी कानामागची पेन्सिल काढली,
फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"करवतीची जाडी धरलीस?"

नव्हती धरली.
पुस्तकांत कुणी धरलेलीच नसते.

ते कापत गेले.
एकवीसचा. तेराचा. आठचा.
दर वेळी करवत आपला घास घेत होती.
पाचाशी आलो तेव्हा फळीचं मन वाकडं झालं,
तीनाशी चौरस नुसता म्हणायला चौरस,
दोनाशी ते थांबले, बोटं वाचवायला.
खाली पडलेला भुसा ओंजळीत धरून म्हणाले,
"हे घे तुझं न संपणारं."

शनिवारी शिरोलीला त्यांचा पंप ओतला.
वाळू फोडल्यावर तो बराच वेळ टिकटिकत होता,
सगळीकडून एकदम लहान होत,
पोटाचा बाक जरासुद्धा न बदलता.
ते स्टुलावर बसून ऐकत होते.
गेल्या दिवाळीचा शर्ट,
त्याचे खांदे आता त्यांच्या दंडांवर आलेत.
मी तिकडे बघितलं
आणि घाईने पंपाची मापं लिहू लागले.

दोन इंची तो शेवटचा तुकडा
घरी फ्रिजच्या पायाखाली आहे.
फ्रिज डुगडुगायचा थांबलाय.