सरासरी

सातवी 'ब'ला मी शिकवायचे, तो माणूस
ताशी पाच किलोमीटरनं चालायचा.
त्याच्या चपलेचा अंगठा तुटायचा नाही,
वाटेत कुणी भेटायचं नाही,
चहाची तल्लफ नाही, चढ नाही, ऊन नाही.
दोन तासांत किती अंतर? दहा.
खडू फळ्यावरून उचलायच्या आत उत्तर.
एकदाच मागच्या बाकावरून रुखसार म्हणाली,
"बाई, पण हा जातोय कुठं?"
वर्ग हसला. मीही.
मग घंटा झाली.

ह्यांचं चालणं त्याच माणसाचं.
नोटांच्या प्रेसमध्ये गड्ड्या मोजण्यात हयात गेलेली,
पावलंही तशीच, कोरी, एका मापाची.
रविवारी भांडीबाजारातून निघालो की
तांबटांच्या हातोड्यांच्या ठेक्यावर
हे वीस पावलं पुढे,
मागे मी, माझी पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी
आणि समोर ह्यांच्या शर्टाची पाठ.
एकतीस वर्षं बघितली.
चेहऱ्यापेक्षा मला पाठच जास्त पाठ आहे.

लग्नात बाबांनी ह्यांचा हात धरून सांगितलं होतं,
"पोरीला अंतर देऊ नका."
किती मीटर, ते कुणी विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये ह्यांची उजवी बाजू गेली.
फिजिओथेरपीच्या हुमेरानं
दवाखान्याच्या व्हरांड्यात खडूनं रेघा मारल्या,
"काका, सहा मिनिटं. जमेल तेवढं."
एकशे चाळीस मीटर.
मी लगेच मनात दहानं गुणलं, खोड जात नाही,
तासाला एक पूर्णांक चार.
जड जिभेनं हे म्हणाले, "नापास?"
"नाही काका, पाच मीटर उधार. उद्या द्या."

आता संध्याकाळी गोदापार्कात.
पहिल्या बाकापासून चौथ्यापर्यंत.
काठी, डावा, मग उजवा
ओढून.
मला हळू चालता येत नाही
हे मला साठीनंतर कळलं.
पावलं आपोआप पुढे निसटतात,
मग थांबायचं, आणि थांबलेय असं दिसू द्यायचं नाही,
नदीत जलपर्णीत अडकलेली बाटली बघायची,
चष्मा पुसायचा,
पदर उगाच नीट करायचा.

काल असाच चष्मा पुसताना
रविवार कारंजाचं वळण आठवलं.
तिथं हे उभे असायचे.
हार्डवेअरच्या दुकानाची पाटी वाचत.
खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे,
तीच पाटी, दर रविवारी,
जणू आदल्या रात्रीच रंगवलीय.
मी पोचले की म्हणायचे, "आलीस? चल."
आणि पुन्हा वीस पावलं.

ते उभं राहणं मी कधी हिशेबात धरलंच नाही.
एकूण अंतर भागिले एकूण वेळ.
पोरांना घसा फोडून सांगायचे,
वाटेत थांबला तो वेळही मिळवा रे,
नाहीतर सरासरी चुकते.
म्हणजे एकतीस वर्षं
आमचा वेग एकच होता.
ह्यांचा चालून आणि थांबून,
माझा नुसता चालून.

पण त्या पाठीचा मला राग यायचा.
दुखऱ्या टाचांचा, जड पिशवीचा,
एकदाही मागे वळून न बघण्याचा.
तोही खराच होता.
तो कुठं मांडायचा?
छेदात की अंशात,
की हातच्यासारखा वरती, बारीक, कोपऱ्यात?

तिसऱ्या बाकापाशी महापालिकेची पाटी आहे,
'येथे कचरा टाकू नये.'
मी ती वाचत उभी होते.
काठीचा आवाज जवळ येत होता, मध्येच थांबत होता,
पुन्हा येत होता.
मी वळले नाही.

हे शेजारी आले. श्वास गोळा केला.
मग एकेक शब्द, उधार फेडल्यासारखा,
"झाली… वाचून?"

मी म्हटलं, थांबा जरा,
एक ओळ राहिलीय.

पाटीला एकच ओळ होती.