घाम

नोव्हेंबरात आमच्या शाळेचा पट एकदोनानं वाढतो.
वाघोटणच्या खाडीवरल्या कलमांना राखण हवी असते,
राखणीसोबत येते पत्र्याची ट्रंक, एक कुकर,
आणि कधी एखादं मूल,
दाखल्याशिवाय दाराशी उभं.

नाव म्हणाली, जुनेली धामी.
गाव विचारलं तर हात होता तेवढा वर केला.
मी म्हटलं, "बस."
ती बसली.

मला वाटलं, मराठी कळते हिला.
दोन महिने मी त्याच समजात होते.
बस हा तिच्याही घरचा शब्द होता,
त्यापुढचं माझं सगळं शिकवणं
कौलांवर वानरं धावावीत तसं
तिच्या डोक्यावरून जात होतं.

खरं तर मला कळायला हवं होतं.
मी अहमदपूरची.
नेमणुकीच्या पहिल्या दिवशी वेदांग कोयंड्याच्या आईनं
डोक्यावरची टोपली न उतरवता विचारलं होतं,
"खयसून इलास, बाई?"
आणि मी हसून म्हणाले होते, "हो."

जानेवारीत केंद्रप्रमुख आले.
इंग्रजीचं पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं,
सूर्यावर बोट ठेवलं.
ती जवळजवळ ओरडलीच,
"घाम!"
वर्ग हसून बाकांखाली गेला.
सरांनी रकान्यात लिहिलं, अप्रगत,
चहा घेतला, बशी पालथी ठेवली, गेले.

संध्याकाळी बागेत गेले.
तिचा बाप फवारणीचा पंप पाठीवरून उतरवत होता.
"घाम? वो रहा, मॅडम," म्हणाला,
आणि खाडीपलीकडे बुडणाऱ्याकडे बोट केलं.
मग त्याच हातानं कपाळ पुसलं.

मी घरी येईपर्यंत
सरांच्या रकान्यातला तो शब्द
कुणापुढे लिहायला हवा होता, याचा विचार करत होते.

आंब्याच्या पेट्यांचे पुठ्ठे मागून आणले.
एकेका पुठ्ठ्यावर चार घरं:
मासा, म्हावरा, माछा, फिश.
म्हावरा मुबिना सोलकरनं लिहिला, व मोठा, रा बारका.
हात मात्र तीन घरांत हातच निघाला,
पोरांना वाटलं, बाई उतरवताना चुकल्या.
घामाचा पुठ्ठा कुठं टांगायचा यावर भांडण झालं,
शेवटी खिडकीत टांगला,
अकरा वाजता त्याच्यावर ऊन यायचं.

इंग्रजीच्या तासाला तर
कुणीच घरचं नव्हतं.
"द" कुठे लावायचा हे अख्ख्या वाडीत कुणाला ठाऊक नाही,
मलाही रात्री बघून यावं लागतं.
त्या तासाला जुनेली पहिल्यांदा
दुसऱ्या बाकावर सरकली.
चुकली तर मुबिना बाकाखालून चिमटा काढायची,
मुबिना चुकली तर ती.

एप्रिलात एकदा मी फळ्यावर स्पेलिंग चुकले.
मागून आवाज आला, "बाई, गो, एक ओ कमी."
कुणाचा, ते मी वळून पाहिलं नाही.
माझे डोळे तेव्हा
पाहण्यासारखे नव्हते.

मे सरत आला, शेवटच्या पेट्या भरल्या,
एका पहाटे ट्रकच्या टपावर ट्रंक चढली.
प्रगतिपत्रक कपाटात राहिलं.
जूनच्या हजेरीत मी चौदावा नंबर
पेन्सिलनं लिहिला,
रोज तिथे थांबायचे, मग पंधरा.

ऑगस्टात, परिपाठ चालू असताना, फोन वाजला.
लांबचा नंबर. खरखर. मग,
"बाई, माका वळाकलास?"
हेल थेट वेदांगच्या आईचा,
टोपली डोक्यावर असल्यासारखा.
मी एवढी पुस्तकी मराठी शिकवली,
तिनं उचललं ते मधल्या सुट्टीतलं.

मला काही सुचेना.
पुठ्ठ्याकडे बघत विचारलं, "घाम लाग्यो?"
जरा वेळ नुसतं हसू आलं.
"आज नाय लागलो, बाई. काल लागलेलो."
कुठल्याच व्याकरणात बसणार नाही असं वाक्य.

पोरं परिपाठ सोडून भोवती आली होती,
कोण, बाई, कोण,
मुबिना तर माझ्या कोपराला लटकलेली.
मी फोन स्पीकरवर टाकला
आणि टेबलावर, सगळ्यांच्या मधे, ठेवला.