धाकटा दिवा

स्केलमाउथच्या बंदरात दिवे दोन:
टेकडीवर थोरला, धक्क्यावर धाकटा.
समुद्रातून येताना
धाकट्याच्या बरोबर डोक्यावर थोरला दिसला
की सुकाणू सरळ धरायचं.
थोरला डावीकडे ढळला तर वाळू,
उजवीकडे तर खडक.
एवढंच शास्त्र.

आधी चरबीच्या मेणबत्त्या, मग व्हेलचं तेल, मग रॉकेल.
काचेवरची काजळी तीच.

मी इथे तळ मोजते, दर महिन्याला.
बोटीतून खाली आवाज सोडायचा
आणि तो परत येईपर्यंत थांबायचं.
पावसाचे दिवस कचेरीत जातात.
तिथल्या कपाटात, भरती-ओहोटीच्या कोष्टकांखाली
इझबेल डॉड्सची वही आहे.
राखणदाराची विधवा. नवऱ्याच्या अर्ध्या पगारावर
धाकटा दिवा राखायची.

मार्च १८२३:
'वादळानंतर वाट उत्तरेला सरकली.
भावाच्या होडीतून शिसं सोडून पाहिलं.
चार वाव होतं तिथे दीड.
विश्वस्तांना कळवलं.'
पुढच्या आठवड्यात: 'कळवलं.'
त्याच्या पुढच्या: 'कळवलं. तेल संपत आलंय, तेही.'

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात.
इथे दिव्यापुढे वाळू होती
आणि दिवा रोज संध्याकाळी
तिच्यावरूनच बोलावत होता: या.

२ एप्रिल:
'कोळशाचं गलबत येताना दिसलं. दिवा विझवला.'

बस्स.
हात थरथरला असेल, तर अक्षरात नाही.
कोपऱ्यात तेलाचा डाग आहे,
त्यातून मागच्या पानावरची तारीख उलटी दिसते.

गलबत रात्रभर बाहेर नांगरून राहिलं.
सकाळी कप्तान दारात येऊन शिव्या घालून गेला.
विश्वस्तांनी तिला तीन शिलिंग दंड केला
आणि जूनमध्ये धाकटा दिवा
एकवीस पावलं उत्तरेला हलवला.
दंड परत दिल्याची नोंद
मला कुठे सापडली नाही.

जुन्या जागी आता तळलेल्या माशांचं दुकान आहे.
व्हिनेगरचा वास धक्क्याच्या टोकापर्यंत येतो.

या महिन्यात वाळू अर्धा वाव चढली.
मी तक्ता भरला, पाठवला.
शेऱ्याच्या रकान्यात फारसा वाव नसतो,
एक शब्द मावला: कळवलं.

बाहेर खांबावरचा दिवा
आपोआप लागला आहे.
त्याची कळ कुठे असते
मी अजून कुणाला विचारलेलं नाही.