लिफ्टचं नाणं

नुगझारच्या पोटाबद्दल कुटाइसीत एकमत नाही.
डॉक्टरीण म्हणाली, साखर.
बटुमीहून लेक: बाबा, पाव सोडा, कॅलरी मोजा.
खालचा वाझा, स्वतः पिंपाएवढा,
बोटं चाटत म्हणाला, लोणी रे, लोणी!

नुगझारनं सगळ्यांचं ऐकलं.
खाचापुरीवरचं लोणी निथळून टाकलं,
कडा मोडून कुत्र्याला घातल्या,
चहा बिनसाखरेचा
आणि रात्री दोनला, फडताळापाशी उभ्यानंच,
द्राक्षरसात घोळवलेली अक्रोडांची अख्खी माळ.
काटा ढिम्म.

मग नाण्यावर चालणारी लिफ्ट बंद पडली.
आठवा मजला. चार महिने.
पट्ट्याला त्यानं खिळ्यानं
दोन नवी भोकं पाडली.

आज लिफ्ट सुरू झाली.
तो दाराशी उभा.
काखेत गरम पाव,
मुठीत नाणं,
घामेजलेलं.