तीस अंश

लुलेओला फेब्रुवारीत दिवस चारच्या आत आटोपतो.
तिसऱ्या मजल्यावर राग्नहिल्ड स्टेनवाल
पुन्हा एकदा गाडी भिंतीवर घालते.

गाडी म्हणजे बंपरमागची पोलादी नळी,
चौकोनी, हातभर लांब,
आणि तिच्यामागचा अर्धा सांगाडा,
पाच लाख चौकटींच्या जाळीत विणलेला.
भिंत म्हणजे एक अट.
आवाज नाही. काच फुटत नाही.
तळघरात फक्त पंखे घुमतात रात्रभर,
पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाचा
हिशोब मांडत.

समोरून धडकवली की नळी शहाण्यासारखी वागते.
टोकापासून निऱ्या पडत जातात
एकीवर एक, चापूनचोपून,
प्रत्येक निरी थोडा थोडा वेग गिळते.
तीस अंशांत तिरपी घातली
की दोन निऱ्या नीट, तिसरी अर्धवट,
आणि मग नळी बुडातूनच लवते,
न चावलेला सगळा वेग
तसाच पुढे सरकवते
कुणाच्या तरी गुडघ्यांकडे.

मोडेन पण वाकणार नाही,
ही म्हण राग्नहिल्डला ठाऊक नाही.
असती तर नळीच्या कानात सांगितली असती.

तिने पत्रा जाड केला.
वजन वाढलं; हेनिंग येऊन
ग्रॅमाग्रॅमाचा जाब विचारून गेला.
तिने पोटात धातूचा फेस भरला.
नळी अख्खीच्या अख्खी ताठली,
आडमुठी.
तिने ती बुडाशी रुंद, टोकाला निमुळती केली.
बावीस अंशांपर्यंत तगली.
तेविसाव्याला मान टाकली.

सातला आल्गोत आला, तिचा बाप,
तिची गाडी गॅरेजात म्हणून न्यायला आलेला.
एकतीस हिवाळे बर्फनांगर चालवलेला माणूस.
बूट दाराशी काढून मोज्यांवर उभा राहिला,
थर्मासच्या झाकणात कॉफी,
पडद्यावर नळीच्या निऱ्या पडताना बघत.
"छान," म्हणाला. "पण इतकं सरळ कोण धडकतं?"

ती म्हणाली, ही नुसती पहिली चाचणी.
त्याला ते ऐकू गेलं नसावं.
"आंतनेसच्या वळणावरून मी किती गाड्या ओढून काढल्या.
सरळ गेलेली एकही नव्हती.
माणूस शेवटी चाक फिरवतोच गं.
उशीर झालेला असतो, तरी फिरवतो."

मग बराच वेळ काही नाही.
त्याने झाकण पुसलं, थर्मासवर बसवलं,
पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं.

राग्नहिल्ड खुर्चीत मागे रेलली.
सहा आठवडे ती त्या तीसला
नियमातला आकडा समजत होती,
दुष्ट, आडून येणारा.
तो तर हातांचा कोन होता.
नको, नको म्हणत
कुणीतरी शेवटच्या क्षणी केलेल्या धडपडीचा.

तिने नळीच्या टोकाकडचा तो कोपरा निवडला,
भिंतीला आधी शिवणारा,
आणि तिथे तीन मिलिमीटरची खाच पाडली.
मुद्दाम दिलेला कमकुवतपणा.
इथून सुरू कर, असं सांगितल्यासारखा.
काम रांगेत लावलं, दिवा मालवला.

घरी जायचा रस्ता गोठलेल्या समुद्रावरून.
दोन्ही बाजूंना काठ्या रोवलेल्या,
मधे पांढरं, सपाट, काठापर्यंत कुठेही
वळायचं कारण नसलेलं.
आल्गोत तीसच्या वर जात नव्हता.
ती त्याचे हात बघत होती.
उजवा अंगठा चाकाच्या आत,
कधीच पूर्ण न मिटणारा.
तिने लहानपणी एकदा विचारलं होतं
हा असा का,
आणि आई म्हणाली होती, बर्फ.

पहाटे सहाला फोनवर निरोप उमटला.
ती अंथरुणातच उठून बसली, चष्मा शोधला.

चौथी निरी पडली होती.
पाचवीच्या जागी
नळी अजून वाकत होती,
पण उशिरा.